अठराशे आणि बत्तीस हजार

मुर्तझाभाईंनी काचेवर दोन माइक ठेवले.
एक अठराशेचा, प्लास्टिकचा,
सोबत फोमची काळी टोपी फुकट.
दुसरा बत्तीस हजारांचा.
उचलला की हाताला कळतं, आत काहीतरी आहे,
भरलेल्या तांब्यासारखं.

माझे श्रोते एकेचाळीस.
त्यातले दोन मीच,
एकदा फोनवरून, एकदा ऑफिसच्या कम्प्युटरवरून.
बत्तीस हजार भागिले एकेचाळीस
हा हिशेब मी रविवार कारंजावर
रिक्षाची वाट बघत केला होता.
माणशी सातशे ऐंशी, वर काही पैसे.
एवढ्यात जेवण होतं. गोडासकट.

"एक दिवस घेऊन जा, ताई. दोन्ही."
"डिपॉझिट?"
"चपला ठेवून जा," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी तांबट आळीतली माणसं रेकॉर्ड करते.
म्हणजे जी उरलीत ती.
त्र्यंबककाका वडके, वय विचारलं तर
हातोड्याचं सांगतात.
पहिला एपिसोड मी फोनवरच केला होता.
काका चाळीस मिनिटं बोलले,
ऐकू आला शेजारचा कुकर.
तिसरी शिट्टी विशेष स्पष्ट.

बत्तीस हजारांच्या माइकला
वीतभर अंतरावरचं तेवढंच कळतं.
काकांचा श्वास,
सुपारी या गालातून त्या गालात गेलेली.
मागे मठारकाम चाललेलं,
ते त्याने दाराबाहेरच थांबवलं.

अठराशेच्याला आतलं-बाहेरचं काही नाही.
त्याने सगळ्यांना घरात घेतलं:
पंखा, कावळा, गंगेकडचा भोंगा,
कुणीतरी "गॅस बंद कर गं",
आणि सगळ्यांवरून ठण्, ठण्, ठण्.
काकांचा आवाज त्यात
परातभर तांदळात पडलेला खडा.
आहे, पण शोधा.

पन्नास वर्षं घाव घालून काकांचे कान गेलेत.
हेडफोन घातला तर म्हणाले, "टोपी बरीय."
मग दोन्ही माइक उचलून
एकेकाला नखाने टिचकी मारली,
जबड्याच्या हाडाला टेकवून धरला.
भांडं ते असंच बघतात.
चिरलेलं असेल तर बद्द बोलतं.
"केवढ्याचा?"
मी सांगितलं.
"तीन बंब येतील एवढ्यात," म्हणाले,
आणि जड माइक जरा जास्तच जपून खाली ठेवला.

रात्री नाशिकरोडला घरी,
गादी भिंतीला उभी करून, ऐकत बसले.
आधी महागडा.
इतका स्वच्छ आवाज की काका उशाशी बसलेत.
पण ते मधेच थांबत होते.
तांबं. थांबणं. तापलं. थांबणं. की मग.
प्रत्येक शब्दानंतर एक भोक.
मला वाटलं दम लागतो. वय झालं.
डॉक्टरचा नंबरसुद्धा शोधून ठेवला.

मग अठराशेचा लावला.
तांबं. ठण्. तापलं. ठण्. की मग.

आळीत सगळे असंच बोलतात,
दोन घावांच्या फटीत जेवढं मावेल तेवढं.
काका आता ठोकत नाहीत, दुसरे ठोकतात.
तो ठोका त्यांच्या कानाला येत नाही,
जमिनीतून येत असेल, पायाला.
तोंड अजून जागा सोडतं.

सकाळी जड माइक परत केला.
मुर्तझाभाईंनी तो मऊ कापडाने पुसला,
मी बघत राहिले, हाताला वजन आठवत होतं.
खोटं कशाला बोलू,
पगार वाढला तर मी तो घेईन,
कुणातरी हळू बोलणाऱ्या माणसासाठी.
अठराशे मोजले. टोपी फुकट होती,
ती घेतली नाही. मग परत फिरून घेतली.

या खेपेला कुकर आहे, कावळा आहे,
काका शोधावे लागतात.
श्रोते बेचाळीस.
वाढलेला एक कोण, कळलेलं नाही.
मी नाही.